पंखा कोणाकडे होता?

१

पोलीस कॅप्टन मिएन दुकानाच्या दारातच थबकली. आत कुणीतरी काम करत असल्यासारखा आवाज येत होता.

आत जिवंत माणूस कुणी नव्हतं. दुकानाचा मालक किएत झोपायच्या टांगत्या झोळीखाली पालथा पडला होता. त्याचा एक पाय अजून झोळीच्या दोऱ्यांत अडकलेला होता. डोक्याची मागची बाजू फुटून आत गेली होती आणि फरशीवरच्या रक्तावर माशा बसल्या होत्या. शेजारी कॅमेऱ्याची जड लोखंडी तिपाई आडवी पडली होती, तिच्या एका पायाला केस चिकटले होते. आवाज येत होता तो भिंतीजवळच्या संगणकाचा. तो चालूच होता, आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती.

सार्जंट लाम वाकून बघत असतानाच पट्टी टोकाला पोचली. संगणक टिंग करून वाजला. लामचा हात एकदम कमरेकडे गेला.

"घाबरलास?"

"नाही, कॅप्टन ताई. दचकलो."

"तेच ते."

सा देक गावात लग्नाच्या चित्रफिती करणारी दुकानं दोन-तीनच, आणि त्यांत किएतचं सगळ्यांत जुनं. एकच खोली. एका बाजूला झोळी, समोरच्या भिंतीला संगणक. संगणकाला खेटून जमिनीवर धनदेवतेचा लाल देव्हारा होता आणि त्यातल्या उदबत्त्या विझल्या होत्या. झोळी आणि संगणक यांच्या मध्ये एका स्टुलावर टेबलफॅन होता. संगणकाचा एका बाजूचा पत्रा काढून ठेवलेला होता, आणि पंखा त्या उघड्या पोटात वारा घालत होता.

मिएनच्या मानेवरून घाम ओघळला. एवढ्या खोलीत वारा होता तो फक्त त्या यंत्राला.

"जाळीवर रक्त उडालंय," पंख्यासमोर उकिडवा बसून लाम म्हणाला. "फोटो घेतो. पण ताई, इथं शोधायचं असं काही राहिलं नाही. मारेकरी सापडलाय."

"कोण?"

"मेहुणा. दान्ह. विटांच्या भट्टीवर कामाला असतो. दीडच्या सुमाराला रक्ताने माखलेल्या हातांनी इथून पळताना दिसला. बाजारातल्या लोकांनी धरला." लाम जरा घुटमळला. "आपण पोचेपर्यंत त्यांनी त्याचं काही शिल्लक ठेवलेलं नाही."

२

दान्हला इस्पितळात बेडीने खाटेला अडकवलं होतं. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला, उजव्या हाताची बोटं मासळीबाजारातल्या कुणीतरी तराजूच्या वजनाने ठेचलेली. मिएन स्टूल ओढून बसली.

"मीच मारला," तिने काही विचारायच्या आतच तो म्हणाला.

"कशाने?"

"तिपाईने."

"किती वेळा?"

"एकदा. दोनदा. आठवत नाही. माझ्या बहिणीला जनावरासारखा मारायचा तो. सगळ्या गल्लीला माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं. आता बोलतायत."

"त्याचा हात धरून त्याला उताणा करायला गेला होतास?"

दान्हने ठेचलेली बोटं चादरीखाली ओढली.

"रक्त तुझ्या तळव्यांना आहे," मिएन म्हणाली. "अंगावर, तोंडावर एक थेंब नाही. ज्याने तो घाव घातला त्याच्या तोंडावर उडायला हवं होतं."

"पुसलं मी."

"बरं. मला एवढंच सांग, खोलीत उकडत होतं का?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "भट्टीसारखं. माणूस मेलेला, आणि सगळा वारा त्या डबड्याला."

"तू गेलास तेव्हा पंखा संगणकाकडेच होता?"

"हो. का?"

ती बाहेर आली तर व्हरांड्यात किएतची बायको थोआ उभी. डोळ्याखाली जुना निळा डाग, हातात पेजेचा डबा. तिने डबा खाली ठेवला आणि दोन्ही मनगटं पुढे केली.

"मला घ्या. मी मारलं. दान्ह मागाहून आला. त्याचा काही संबंध नाही."

"कशाने मारलंत, वहिनी?"

"विटेने."

मिएनने डबा उचलून तिच्या हातात परत दिला. "पेज गार होतेय. आत जा. आणि आतल्या बहाद्दरालाही सांगा, एका खुनाला दोन खुनी मला परवडत नाहीत."

पण हसण्यावारी नेण्यासारखं प्रकरण नव्हतं. परवा संध्याकाळी प्रांताची गाडी दान्हला न्यायला येणार होती. रक्ताचे हात, पळून जाणं, बहिणीचा छळ आणि वर स्वतःची कबुली. एवढं हातात आल्यावर पुढे कुणी काही विचारणार नव्हतं. अशा खुनाला सरळ मृत्युदंड होता.

३

दुकानाच्या शेजारी सेन आजीची कॉफीची टपरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मिएन गेली तेव्हा आजी बर्फ फोडत होती आणि घाव घालताना एकेक वाक्य बोलत होती.

"वाईट झालं असं नाही म्हणणार मी. मेल्याने बायकोच्या केसांना धरून तिला याच दारातून बाहेर काढली होती. मी बघितलंय."

"काल दुपारी काही ऐकलंत, आजी?"

"दुपारी सगळं गाव झोपतं, पोरी. मीही खुर्चीत लवंडते. पण रोज माझी झोप मोडायची, काल मोडली नाही."

"रोज कशाने मोडायची?"

"त्या हाओच्या ओरडण्याने! किएतचा भागीदार. काम सगळं हाच करायचा, पोरगा गरीब आहे. जेवण झालं की किएत झोळीत पडायचा आणि पंखा स्वतःकडे वळवून घ्यायचा. मग ते यंत्र तापून बंद पडायचं, आणि हाओचं सगळं काम पाण्यात. हा रडकुंडीला यायचा आणि किएत हसायचा. म्हणायचा, यंत्राला घाम येत नाही, मला येतो."

"आणि काल?"

"काल शांत. हाओ साडेबाराला बाहेर आला, नवरदेवासारखा नटून. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालंय ना, तैवानात दिलीय. काल निरोपाचं जेवण होतं. मी म्हटलं, कॉफी घे. तर म्हणाला, नको आजी, आणि त्यालाही उठवू नका, घोरतोय."

हाओ चौकीवर आला तो रडून सुजलेल्या डोळ्यांनी. तिशीचा, किडकिडीत, बोलताना मान खाली घालणारा. काल पोलीस आल्यावर थोड्याच वेळात तोही दुकानात धावत आला होता आणि दारात बसून हंबरडा फोडून रडला होता. तेव्हा हुंदके देता देता त्याने एकदा पडद्याकडे नजर टाकली होती. मिएनच्या ते लक्षात राहिलं होतं. ते का लक्षात राहिलं हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

"साडेबारानंतर मी घरी होतो, कॅप्टन ताई. पन्नास माणसं सांगतील."

"सांगितलंय त्यांनी. त्याआधीचं सांग."

"बाराला मी संगणकाला बहिणीच्या लग्नाची चित्रफीत तयार करायला लावली. त्याला दोन तास लागतात. मग मी मागच्या मोरीत कपडे बदलले. किएत दादा जेवून झोळीत पडले होते."

"एवढ्या उकाड्यात झोप लागली त्याला?"

"पंखा होता ना अंगावर. नेहमीसारखा. मी निघालो तेव्हा चांगले घोरत होते."

"आणि चित्रफीत?"

"ती चालू होती."

मिएनने मान हलवली. "ठीक आहे. जा तू."

तो गेल्यावर ती बराच वेळ टेबलावरच्या स्वतःच्या संगणकाकडे बघत बसली. चौकीतलं ते यंत्रही एप्रिल उजाडला की अहवालाच्या मध्यावर डोळे मिटायचं. तेव्हा सगळे मिळून त्याला वहीने वारा घालायचे.

"लाम, चल," ती उठत म्हणाली. "दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का ते बघू."

४

लाम पोलिसांत यायच्या आधी तंत्रनिकेतनात शिकला होता. त्याने किएतचा संगणक आडवा केला आणि विजेरी आत धरली.

"बाप रे."

प्रोसेसरवर एक छोटा पंखा असतो आणि त्याच्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची गड्डी. यंत्राची उष्णता त्या पट्ट्यांतून बाहेर जायची. इथे पट्ट्यांच्या फटी दिसतच नव्हत्या. करडी, तेलकट साय सगळीकडे धरली होती. लामने बोटाने थोडी खरवडून वास घेतला.

"उदबत्ती. देव्हारा खाली, यंत्र शेजारी. रोज सकाळ-संध्याकाळ ती राख आणि धूर यंत्र ओढून घेत होतं. हा कोपरा वर्षातून एकदाच झाडत असणार, नववर्षाच्या आधी. मध्येच झाडला तर लक्ष्मी जाईल म्हणून."

"माझी आईही झाडू देत नाही."

"आणि हे बघा." त्याने गड्डी सोडवली. तिच्याखाली उष्णता वाहून नेणारा लेप असतो. त्याचा सुकून खडू झाला होता. "ब्रशने झटकायचं, नवा लेप लावायचा, यंत्र देव्हाऱ्यापासून दोन हात लांब ठेवायचं. अर्ध्या तासाचं काम. मग टेबलफॅन लागलाच नसता. करू?"

"आज नको. उद्यापर्यंत तसाच राहू दे. पण चालवून बघ."

त्याने होतं तसं जोडलं आणि यंत्राला एक जड काम लावलं. कालचा पंखा मोहोरबंद होता, म्हणून तसाच दुसरा आणून स्टुलावर ठेवला. वारा यंत्रावर असेतो सगळं सुरळीत चाललं. मग मिएनने पंखा झोळीकडे वळवला. पडद्यावरचा उष्णतेचा आकडा चढू लागला, आतला छोटा पंखा किंचाळू लागला, आणि दहा मिनिटांच्या आत पडदा काळा झाला. त्यांनी यंत्र निवू दिलं आणि पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच.

"म्हणजे हाओ खोटं बोलतोय," लाम म्हणाला. "अर्धा तास पंखा किएतवर असता तर चित्रफीत केव्हाच मेली असती. ती तर आपल्या डोळ्यांसमोर पुरी झाली."

"तो म्हणेल, माझ्या लक्षात चुकलं. पंखा यंत्राकडेच होता."

"मग?"

"तू कालचे फोटो काढ."

फोटोत पंखा यंत्राकडे तोंड करून, झोळीकडे पाठ करून उभा होता. रक्त होतं ते पुढच्या जाळीवर. झोळीकडे असलेली पाठ, मोटारीचं पांढरं टोपण, धुतल्यासारखी स्वच्छ.

लामने फोटो डोळ्यांजवळ नेला. "घाव बसला तेव्हा पंख्याचं तोंड त्याच्याकडे होतं. मग कुणीतरी वळवला."

"केव्हा, ते मला हवंय. दान्ह दीडला आला आणि पंखा वळवून गेला असं उद्या कुणी म्हणू नये."

लामने पुन्हा विजेरी आत घातली. या वेळी तो घाई करत नव्हता. राखेच्या सायीवर, पट्ट्यांच्या कडांवर, मोहरीहून बारीक तपकिरी ठिपके होते, दुधाच्या भांड्याला खरपुडी धरावी तसे भाजून चिकटलेले.

"रक्त," तो हळूच म्हणाला. "पात्यांवर ओलं असताना पंखा इकडे वळला. वाऱ्याने ते आत उडवलं आणि गरम धातूवर भाजून निघालं." त्याने मागे सरून तोंड पुसलं. "म्हणजे मारल्यावर लगेच. आणि चित्रफीत बारापासून एकदाही तुटलेली नाही. दहा मिनिटांहून जास्त ती वाऱ्याविना टिकली नसती."

"किएत आडवा झाला की लगेच पंखा स्वतःकडे घ्यायचा, आणि बाराला तो झोळीत होताच. तेव्हा खून सव्वाबाराच्या आत झाला. दान्ह तेव्हा भट्टीवर विटा रचत होता, तिथल्या लोकांनी सांगितलंय. दुकानात एकच माणूस होता."

"पण कशासाठी, ताई? त्या पोराने कुणाला मोठ्याने उत्तर दिलेलं नाही कधी."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हाओला दुकानात बोलावलं. फरशी धुतली होती, पण झोळीखालचा डाग गेला नव्हता.

"तुझ्या बहिणीची बस आज संध्याकाळी आहे ना?" मिएन म्हणाली. "परवा तयार झालेली चित्रफीत पुरावा म्हणून जप्त आहे. ती देता येणार नाही. पण मूळ तुकडे आहेत, नवी करून घे. आम्ही थांबतो."

हाओचा चेहरा उजळला. "उपकार झाले, कॅप्टन ताई." तो खुर्चीवर बसला, आणि त्याची बोटं सराईतपणे धावू लागली. पडद्यावर लाल पोशाखातली एक मुलगी आईसमोर वाकून चहाचा पेला देत होती. मग हिरवी पट्टी आली आणि सरकू लागली.

लामने जांभई दिली. तो जाऊन झोळीत पडला आणि हात लांब करून त्याने पंखा स्वतःकडे वळवला.

"काय उकडतंय."

"सार्जंट साहेब," हाओ म्हणाला, "तो पंखा..."

"पाच मिनिटं रे. यंत्राला कुठे घाम येतो?"

हाओची पाठ ताठ झाली. मिएन भिंतीला टेकून उभी होती. आकडा चढत होता. यंत्राच्या पोटातून आधी घरघर आली, मग शिट्टीसारखा बारीक आवाज. हाओ एकदा पडद्याकडे बघे, एकदा पंख्याकडे. लामने डोळे मिटले आणि खोटं खोटं घोरायला सुरुवात केली.

हाओ उठला. दोन ढांगांत स्टुलापाशी गेला आणि पंख्याची मान धरून ती कचकन यंत्राकडे फिरवली.

मग तो थिजला. हात जाळीवरच राहिला.

"परवाही असाच वळवलास," मिएन म्हणाली. "फक्त तेव्हा जाळी ओली होती. ते रक्त वाऱ्याने यंत्रात उडालंय, हाओ. आत भाजून चिकटलंय. आणि पंखा वळवल्याशिवाय तुझी चित्रफीत पुरी होत नव्हती."

क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दुसऱ्या क्षणी त्याने फिरता पंखाच उचलला आणि झोळीतून उठणाऱ्या लामच्या तोंडावर घातला. जाळी फुटली, पात्याने लामची भुवई फाडली. लाम झोळीसकट उलटला. हाओने पुन्हा घाव उगारला, आणि त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेर सेन आजीच्या हातातला पेला पडला. मिएनने मागून त्याच्या गुडघ्यात लाथ घातली. तो कोसळला, तरी पंखा सोडेना. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. एक बोट कडकन मोडलं तेव्हा कुठे तो शांत झाला.

लाम भुवई दाबत बसला होता, रक्त त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं.

बेडीत पडल्या पडल्या हाओ बोलू लागला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा, मान खाली घालून बोलणाऱ्याचा.

"रोज दुपारी चित्रफीत बंद पडायची. रोज. माझी बहीण परक्या देशात चाललीय, आमच्या आईला पुन्हा दिसेल न दिसेल. मी पाया पडलो त्याच्या. म्हटलं, दादा, आजचा दिवस पंखा राहू दे. त्याने चप्पल काढून माझ्या तोंडावर मारली. मी पंखा यंत्राकडे केला. त्याने परत स्वतःकडे केला, कुशीवर वळला आणि हसत डोळे मिटले. तिपाई तिथेच होती."

"तो मेला हे तुला कधी कळलं?"

हाओने विचार केला. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, खरंच आठवून बघत होता.

"नंतर. आधी मी पंखा वळवला."

त्याचे परवाचे रक्ताळलेले कपडे त्याच्याच कॅमेऱ्याच्या पिशवीत, भिंगांच्या खाली सापडले. त्याची बहीण त्या संध्याकाळी बसने सायगॉनला गेली. चित्रफीत तिला मिळाली नाही.

६

प्रांताची गाडी आली, पण ती दान्हसाठी नव्हती. मिएन इस्पितळात पोचली तेव्हा थोआ खाटेशी बसून भावाला चमच्याने पेज भरवत होती. मिएनने किल्ली फिरवली आणि बेडी काढून घेतली. मग कोणी, का, ते थोडक्यात सांगितलं.

दान्हने तोंडातली पेज गिळली. मग बहिणीकडे वळला.

"म्हणजे तू नव्हतीस?"

"मी? मी आईकडे होते, गाढवा. मला वाटलं तूच."

"मी गेलो तेव्हा तो मरून पडला होता. मला वाटलं, तू मारून निघून गेलीस. म्हणून तर मी पळालो, लोकांनी माझ्या मागे लागावं म्हणून."

"आणि मार खाल्लास."

"खाल्ला."

थोआने चमचा पेजेत फिरवला, पण वर काही उचललं नाही.

"कॅप्टन ताई," दान्ह म्हणाला, "एक लिहून घ्या. मी खरंच त्याला मारायलाच गेलो होतो. कमरेला कोयता होता. आत जाऊन बघतो तर माझ्या आधीच कुणीतरी... मला राग आला. वाईट नाही वाटलं, राग आला. हे लिहा तुम्ही."

लाम मागे उभा होता, भुवईला टाके घातलेला. त्याने मिएनकडे बघितलं आणि पेन खिशात ठेवलं.

"लिहायला काय आहे त्यात?" मिएन म्हणाली. "मेलेल्या माणसाला मारायला जाणं हा गुन्हा कुठल्या पुस्तकात नाही."

"कोयता कुठाय?" थोआने विचारलं.

"पळताना कालव्यात टाकला."

"आपल्या घरातला?"

"हो."

"अरे, तो एकच होता!" थोआ उसळली. "आता नारळ काय दाताने फोडू?"

दान्ह हसला. हसताना त्याचा ओठ पुन्हा फाटला, मोडक्या बरगड्यांनी कळ दिली, तो विव्हळला आणि तरीही हसतच राहिला. थोआ आधी रागावली, मग तिलाही आवरेना. तिने पेजेचा डबा खाली ठेवला आणि त्याचं सुजलेलं तोंड दोन्ही हातांत गच्च धरलं. हसणं थांबलं नाही तर त्याच्या बरगड्या आणखी मोडतील अशी तिला भीती वाटत होती.

"गप्प बस," ती म्हणत होती, "गप्प बस रे, मेल्या, गप्प बस."